आंबा ऑनलाइन विकताय? सॉफ्टवेअर घेण्याआधी ग्राहकांची यादी कुणाच्या हातात आहे ते बघा

रत्नागिरी/सिंधुदुर्ग : हापूसची पेटी वाशीच्या मार्केटला न पाठवता थेट पुण्या-मुंबईच्या घरात पोचवणारे बागायतदार आता कोकणात गावोगाव दिसतात. मोबाईलवर ऑर्डर, यूपीआयने पैसे आणि कुरिअर नाहीतर ट्रॅव्हल्सने पेटी. मधली अडत वाचते आणि दर स्वतः ठरवता येतो. पण ग्राहक पन्नासाचे पाचशे आणि पाचशेचे तीन हजार झाले, की नवीच अडचण उभी राहते. काढणी सुरू झाली, बुकिंग घेतोय, पेटी निघाली, हे सगळं एवढ्या लोकांना कळवायचं कसं? एकेकाला मेसेज टाकत बसलं तर बागेत कोण जाणार?

नेमक्या याच वेळी मार्केटिंग सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात. 'आमचं ऑटोमेशन घ्या, एका क्लिकमध्ये सगळ्यांना मेसेज.' कुणी ई-मेलचं सॉफ्टवेअर विकतो, कुणी व्हॉट्सॲपचं, कुणी एसएमएसचं. महिन्याचे पैसे भरून बसल्यावर अनेकांना कळतं की आपला हंगाम चार महिन्यांचा आणि बिल मात्र बारा महिन्यांचं.

म्हणून सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की ग्राहकांची यादी कुणाच्या मालकीची आहे आणि ती उद्या उचलून दुसरीकडे नेता येते का? थेट विक्री करणाऱ्याकडे कलमांइतकीच किमतीची दुसरी वस्तू म्हणजे ही यादी. ती हातची गेली, तर पुढच्या वर्षी पुन्हा वाशीची वाट धरावी लागते.

ऑटोमेशन म्हणजे नेमकं काय?

नाव मोठं असलं तरी गोष्ट ओळखीची आहे. गॅस सिलिंडर बुक केला की मेसेज येतो, सिलिंडर निघाला की दुसरा येतो, घरी पोचला की तिसरा. तिथे कुणी माणूस बसून मेसेज टाइप करत नाही. 'अमुक झालं की तमुक पाठव' असं एकदा सांगून ठेवलेलं असतं. तेच ऑटोमेशन.

आंब्याच्या दुकानात त्याचे चार-पाच उपयोग खरे कामाचे. ऑर्डर आली की 'मिळाली' असा निरोप. पेटी निघाली की कुरिअरचा नंबर आणि सोबत सूचना, की पेटी आली की लगेच उघडा, आंबे हवेशीर जागी ठेवा, कच्चे फ्रिजमध्ये घालू नका. चार-पाच दिवसांनी 'आंबे कसे निघाले?' अशी चौकशी. वेबसाईटवर दोन डझन निवडून पैसे न भरताच निघून गेलेल्याला एक आठवण. आणि पुढच्या वर्षी मोहोर धरला की जुन्या ग्राहकाला बुकिंगचा निरोप.

यातला शेवटचा निरोप सगळ्यात मोलाचा. आंब्याचा ग्राहक वर्षातून एकदाच येतो. साबण-तेलाच्या दुकानदाराला गिऱ्हाईक दर महिन्याला आठवण ठेवतं. बागायतदाराला मात्र दहा महिन्यांनी स्वतःहून आठवण करून द्यावी लागते. नाही दिली, तर ते गिऱ्हाईक रस्त्यावर 'देवगड हापूस' अशी पाटी लावलेल्या कुठल्याही गाडीवरून घेतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते ग्राहकाच्या दारात आपोआप पोचत नाही. खरा माल कुणाचा, हे सांगणारा धागा म्हणजे हाच थेट निरोप.

फुकटचं व्हॉट्सॲप कुठपर्यंत पुरतं?

सुरुवात सगळ्यांची व्हॉट्सॲप बिझनेसच्या फुकट ॲपवरच होते आणि त्यात चूक काही नाही. शंभर-दोनशे ग्राहकांना ते पुरतं. पण त्याच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ जणच बसतात. त्यातही ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय, त्यालाच मेसेज पोचतो. पाच याद्या करून बाराशे लोकांना पाठवलं तरी ते सगळ्यांना पोचेलच असं नाही.

इथेच काही जण वाकड्या वाटेला लागतात. 'एका क्लिकमध्ये दहा हजार व्हॉट्सॲप' अशी कॉम्प्युटरवर चालणारी स्वस्त सॉफ्टवेअर बाजारात मिळतात. ती व्हॉट्सॲपच्या नियमात बसत नाहीत. लोकांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं की नंबरच बंद होतो. ऐन एप्रिलमध्ये, पेटीवर छापलेला नंबर बंद झाला तर काय होईल? ग्राहक फोटो पाठवतोय, तक्रार करतोय, नवीन ऑर्डर देतोय आणि पलीकडे कुणीच नाही. हंगाम संपेपर्यंत ते निस्तरत बसावं लागतं.

सरळ वाट म्हणजे व्हॉट्सॲपची पैसे देऊन मिळणारी सेवा, ज्याला एपीआय म्हणतात. ती बहुधा एखाद्या अधिकृत कंपनीमार्फत घेतली जाते. १ जुलै २०२५ पासून तिथे प्रत्येक मेसेजमागे आकार पडतो. जाहिरातीचा मेसेज महाग. ऑर्डर-डिलिव्हरीचा त्याहून बराच स्वस्त. ग्राहकाने आपणहून मेसेज केला, तर त्यानंतरचे २४ तास त्याला दिलेली साधी उत्तरं फुकट. भारतात जाहिरातीच्या मेसेजचा मूळ दर रुपयाच्या आतला आहे. त्यावर जीएसटी आणि मधल्या कंपनीचा वाटा चढतो, शिवाय बहुतेक ठिकाणी महिन्याचं भाडं वेगळं.

दोन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. नव्या खात्यावरून सुरुवातीला २४ तासांत साधारण २५० वेगवेगळ्या लोकांनाच आपणहून निरोप पाठवता येतो, मर्यादा नंतर वाढते. म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी खातं उघडून उपयोग नाही. दुसरं, सध्याचा नंबर तिकडे नेला तर ॲपवरच्या जुन्या चॅटचं काय होणार?

फुकटच्या २४ तासांचा एक साधा उपयोग कुणालाही करता येतो. पेटीत एक चिठ्ठी घालायची, तिच्यावर क्यूआर कोड. तो स्कॅन केला की ग्राहकाकडूनच 'पेटी मिळाली' असा मेसेज येतो. उत्तर फुकट जातं आणि ग्राहकाशी बोलणं सुरू होतं.

एसएमएस : मराठीत लिहिला की महाग

एसएमएसला स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही. पण धंद्याचा एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी लागते. आधी विक्रेत्याची नोंदणी, मग पाठवणाऱ्याचं नाव, मग मेसेजचा मजकूर, सगळं मंजूर करून घ्यायचं. एखादा शब्द जरी मंजूर मजकुराबाहेर गेला तर मेसेज अडतो.

दुसरी मेख भाषेची. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत फक्त ७०. काना-मात्रा-वेलांटीसुद्धा मोजली जाते. 'आपली पेटी आज निघाली' एवढं बसतं. दर, पत्ता, लिंक घालायला गेलं की एका निरोपाचे दोन-तीन एसएमएस होतात आणि तेवढेच पैसे. त्यामुळे एसएमएस डिलिव्हरी कळवायला ठीक, जाहिरातीला नाही.

ई-मेल कोण वाचतो?

गावात ई-मेल कुणी वाचत नाही, हे खरं. पण आंब्याचा ग्राहक गावात नाही. तो पुण्याच्या कंपनीत, ठाण्याच्या सोसायटीत आणि दुबई-लंडनच्या नातेवाइकाच्या घरात आहे. कंपनीतून भेट म्हणून एकदम पन्नास पेट्या मागवणारा तर ई-मेलवरच कोटेशन मागतो. कंपन्यांच्या दृष्टीनं ई-मेल पाठवणाऱ्याचं दुकान खरं वाटतं.

ई-मेलचा मोठा गुण म्हणजे तो कुणा एका कंपनीच्या ताब्यात नाही. व्हॉट्सॲपने उद्या दर वाढवले तर मुकाट्याने भरावे लागतात. ई-मेलचं एक सॉफ्टवेअर महाग झालं, तर यादी उचलून दुसऱ्याकडे जाता येतं. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकणाऱ्याला तर ग्राहकाचा खरा ई-मेल मिळतच नाही. ग्राहक बाजाराचा, माल फक्त बागायतदाराचा.

पण इथेही नियम आहेत. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांपलीकडे पाठवता येत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने सामूहिक मेलचे नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तीन प्रमाणपत्रं लावावीच लागतात. लहान विक्रेत्यानेही ती लावलेली बरी. ही तिन्ही म्हणजे मेल खरंच त्याच दुकानातून निघालाय, याची पाकिटावरची मोहोर समजावी. मोठ्या पाठवणाऱ्याला जाहिरातीच्या मेलमध्ये एका टॅपमध्ये नाव कमी करण्याची सोयही द्यावी लागते.

स्पॅमच्या तक्रारींची मर्यादा आहे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. तीन हजारांच्या यादीतल्या नऊ जणांनी 'स्पॅम' दाबलं, तरी धोक्याची रेषा आली. त्यापुढे चांगल्या ग्राहकांचे मेलसुद्धा स्पॅममध्ये जायला लागतात.

या मोहोरा लावायच्या तर स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाईटचं नाव, लागतं. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. सॉफ्टवेअर घेऊन पाठवणाऱ्याच्या जागी जीमेलचाच पत्ता टाकला, तर ते मेल बहुतेक स्पॅममध्येच पडतात.

तीन हजार ग्राहकांचा हिशेब

समजा, एका बागायतदाराकडे तीन हजार ग्राहक आहेत आणि हंगामात सहा वेळा सगळ्यांना निरोप द्यायचाय. म्हणजे एकूण १८ हजार मेसेज.

व्हॉट्सॲप एपीआयवर सगळं धरून एका जाहिरात मेसेजला एक रुपया पकडला, तर १८ हजार रुपये, भाडं वेगळं. एसएमएसला २० पैसे दर धरला आणि मराठी निरोपाचे तीन भाग झाले, तर एका निरोपाला ६० पैसे, म्हणजे १० हजार ८०० रुपये. ई-मेलला १८ हजारांचा खर्च सॉफ्टवेअरनुसार बदलतो, पण नीट निवडलं तर या दोन्हींपेक्षा बराच कमी बसू शकतो.

मग सगळं ई-मेलवरच टाकावं का? तेही नाही. व्हॉट्सॲप लगेच बघितलं जातं, ई-मेल पडून राहतो. 'उद्या सकाळी पेटी येतेय, घरी कुणी आहे का?' हे ई-मेलवर विचारून चालत नाही. म्हणून शहाणपणाची वाटणी अशी, की ऑर्डर-डिलिव्हरी व्हॉट्सॲपवर, बागेची खबर आणि बुकिंगचा निरोप ई-मेलवर, आणि व्हॉट्सॲपवरचा महागडा जाहिरात मेसेज हंगामात एक-दोनदाच, तोही गेल्या वर्षी खरेदी केलेल्यांनाच.

सॉफ्टवेअर निवडताना कुठे बघायचं?

मेलचिम्प, ब्रेव्हो, क्लेव्हियो, झोहो कॅम्पेन्स अशी नावं ऐकू येतात. कोणतं चांगलं यापेक्षा कोणतं आपल्या धंद्याच्या चालीला बसतं, हे बघावं.

पहिली तपासणी बिल कशावर लागतं याची. काही कंपन्या यादीत किती नावं आहेत त्यावर पैसे घेतात, मेल पाठवा किंवा नका पाठवू. काही किती मेल पाठवले त्यावर घेतात. चार महिन्यांच्या हंगामाला दुसरी पद्धत परवडते. ब्रेव्होचं गणित प्रामुख्याने मेलच्या संख्येवर चालतं. मेलचिम्पमध्ये नावं मोजली जातात आणि नाव कमी केलेले लोकही मोजणीत धरतात, जोवर ते आपण हातानं बाजूला काढत नाही. असं बारीक अक्षरातलं वाचल्याशिवाय कार्डचा नंबर देऊ नये.

दुसरी तपासणी 'फुकट'ची. मेलचिम्पची फुकट योजना एकेकाळी दोन हजार नावांची होती, पुढे ती ५०० वर आली. फुकट योजना कंपनी कधीही आखडते. ब्रेव्होच्या फुकट योजनेत दिवसाला ३०० मेल जातात. तीन हजार ग्राहकांना एक निरोप पोचायला दहा दिवस. 'पहिली काढणी झाली' ही बातमी दहाव्या दिवशी मिळून काय करायचं? शिकायला फुकट योजना उत्तम, हंगामाला नाही.

तिसरी तपासणी पैसे भरण्याची. परदेशी कंपनीचं बिल बहुधा डॉलरमध्ये असतं. त्याला आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं कार्ड लागतं, आणि गावातल्या बँकेचं साधं रुपे डेबिट कार्ड तिथे अनेकदा चालत नाही. डॉलर वर गेला की बिल वर जातं. वरून १८ टक्के जीएसटी. ताज्या आंब्यावर जीएसटी नसल्यामुळे बऱ्याच बागायतदारांची नोंदणीच नसते, त्यामुळे भरलेला कर परत मिळत नाही. म्हणजे हजाराचं सॉफ्टवेअर अकराशे ऐंशीलाच पडतं, असं धरूनच तुलना करावी. झोहोसारख्या भारतीय कंपनीचं बिल रुपयात येतं, हा साधा पण खरा फायदा.

चौथी तपासणी जोडणीची. दुकान शॉपिफाय किंवा वूकॉमर्सवर असेल, तर सॉफ्टवेअर त्याला थेट जोडता आलं पाहिजे. नाहीतर ऑर्डर हातानं उतरवत बसावं लागतं आणि ऑटोमेशन नावालाच राहतं. ज्याचं वेबसाईट-दुकानच नाही, ऑर्डर फोनवरच येतात, त्याने महागडं ऑटोमेशन घेऊ नये. त्याला एक नीट ठेवलेली एक्सेल शीट आणि साधं मेल सॉफ्टवेअर पुरे.

पाचवी आणि सगळ्यात मोठी तपासणी. पूर्ण यादी, म्हणजे नाव, नंबर, ई-मेल, कधी काय घेतलं, कधी परवानगी दिली, हे एक्सेलमध्ये उतरवून घेता येतं का? विकणाऱ्याला हे पहिल्याच फोनवर विचारावं. तो 'नंतर बघू' म्हणाला, तर तिथेच फोन ठेवावा.

आणखी एक. 'तुमचा मेल ६० टक्के लोकांनी उघडला' असे आकडे दाखवून सॉफ्टवेअर विकलं जातं. २०२१ पासून ॲपलच्या फोनवर माणसाने मेल न उघडताही तो उघडल्याची नोंद होऊ शकते. म्हणून या आकड्यावर भुलू नये. त्या मेलवरून किती पेट्या बुक झाल्या, तेवढंच मोजावं.

परवानगी : जुनी वही मोबाईलमध्ये उतरवली, तरी कायदा लागू

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ चा हंगाम संपता संपता. कागदावरची माहिती मोबाईल-कॉम्प्युटरवर उतरवली की तीही या कायद्यात येते. ग्राहकाने परवानगी दिली होती, हे दाखवण्याची जबाबदारी विक्रेत्याची. परवानगी देणं जेवढं सोपं, तेवढंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे. सूचना इंग्रजीत किंवा मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय द्यायची आहे.

घाबरायचं कारण नाही, पण सवय आताच लावावी. ऑर्डर घेताना एक ओळ पुरते : 'पुढच्या हंगामात बुकिंग सुरू झाल्यावर कळवू का? हो/नाही.' उत्तर आणि तारीख लिहून ठेवायची. सोसायटीच्या ग्रुपमधून उचललेले नंबर, दुसऱ्याच्या कुरिअरच्या पावत्यांवरचे पत्ते, 'पुण्यातले एक लाख नंबर' म्हणून विकत मिळणारी यादी, हे सगळं टाळलेलं बरं. कायदा बाजूला ठेवला तरी अनोळखी माणसं स्पॅम दाबतात, आणि त्याची किंमत ओळखीच्या ग्राहकापर्यंत न पोचलेल्या मेलने मोजावी लागते.

गटाची यादी, लॉगिन कुणाकडे?

बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांमध्ये हा प्रश्न जास्त नाजूक. आंबापोळी, कोकम, मसाले दहा-बारा जणी मिळून करतात, पण वेबसाईट कुणाच्या तरी मुलाने किंवा शहरातल्या एजन्सीने बनवलेली असते. डोमेन त्याच्या नावावर, सॉफ्टवेअर त्याच्या ई-मेलवर, व्हॉट्सॲपचा नंबर तिसऱ्याच सिमवर. मुलगा नोकरीला गेला किंवा एजन्सीशी पैशांवरून वाजलं, की दुकानाची किल्लीच हरवते.

बँक खात्याला जशा दोन सह्या, तसं इथेही हवं. डोमेन आणि सॉफ्टवेअर गटाच्या नावावर, गटाच्याच ई-मेलने घेतलेलं. लॉगिन किमान दोघींकडे. पासवर्डबरोबर ओटीपीची दुहेरी कुलूपव्यवस्था. आणि महिन्यातून एकदा पूर्ण यादी उतरवून पेनड्राइव्हवर.

हंगामाआधी काय करावं?

दोनशेच्या आत ग्राहक असतील, तर फुकटचं व्हॉट्सॲप बिझनेस आणि नीट ठेवलेली यादी एवढंच पुरे, पैसे कुठेच भरू नयेत. दोनशे ते हजारांपर्यंत स्वतःचं डोमेन घेऊन ई-मेलची सुरुवात करावी. हजाराच्या वर गेलं की ई-मेलसोबत डिलिव्हरीच्या निरोपापुरती व्हॉट्सॲपची अधिकृत सेवा जोडावी.

वेळ मात्र चुकवू नये. नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी तीन हजार मेल सोडले तर ते संशयात सापडतात. पावसाळ्यानंतरच सुरुवात करून आधी शंभर नेहमीच्या ग्राहकांना, मग तीनशेंना, असं वाढवत न्यावं. दहा महिने गप्प बसून एकदम मार्चमध्ये मेल गेला, तर निम्मे लोक 'हे कोण?' म्हणतात. म्हणून बिगर-हंगामातही महिन्याकाठी एक छोटा निरोप असावा. गणपतीला कोकम-आंबापोळी, थंडीत मोहोराचा फोटो, फेब्रुवारीत यंदा फळ कसं आहे याची खरी खबर. पाऊस-उष्म्याने फळ गळलं असेल तर तेही सांगावं. उशीर होणार हे आधी कळलेलं गिऱ्हाईक थांबतं. न सांगता वाट बघायला लावलेलं मात्र दुसऱ्या बागेकडे जातं.